पुठ्ठ्याच्या विटा, साबणाचे शिक्के आणि मोहेंजोदडोची एक गल्ली

मोहेंजोदडो म्हटलं की मुलांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास महास्नानगृह येतं. मधे निळा कागद, भोवती पायऱ्या, वर मोठ्या अक्षरात नाव. वाईट नाही ते, पण मला कायम वाटत आलंय की त्या शहराची खरी कमाल एका इमारतीत नाहीये, ती गल्लीबोळातल्या गटारांत आणि साध्या विटेत आहे. म्हणून लेकीने आणि भाच्याने सिंधू संस्कृतीचं मॉडेल करायचं काढलं तेव्हा मी म्हटलं सगळं शहर नको, एक गल्ली करू, तिला लागून घराचा एक कोपरा, एक विहीर आणि एक गटार, पण जे करू ते मापात करायचं आणि गटारातून पाणी खरंच वाहिलं पाहिजे. आणि सामान सगळं घरात पडलेलंच वापरायचं, नवीन काही आणायचं नाही.

लेक दहा वर्षांची, भाचा तिच्याहून थोडा मोठा, आणि शेजारचा धाकटा जो सहा वर्षांचा आहे पण प्रत्येक कामात त्याला हात घालायचाच असतो. सामान म्हणजे कुरियरची पुठ्ठ्याची खोकी, अंड्यांचे ट्रे, रद्दी पेपर, बुटांचं एक खोकं, साबणाच्या उरलेल्या वड्या, मेणबत्त्यांचे तुकडे, रिफिल संपलेली पेनं, एक गोल डबा. डिंक घरात होताच. कटर फक्त माझ्या हातात, हा नियम पहिल्याच दिवशी केला आणि शेवटपर्यंत पाळला, मुलांकडे कात्री आणि पट्टी.

सुरुवात विटेपासून. तिथल्या घरांसाठी वापरलेली वीट साधारण ७ सेंटीमीटर जाड, १४ रुंद आणि २८ लांब असायची, म्हणजे जाडी, रुंदी, लांबी यांचं प्रमाण १:२:४. तटबंदीच्या विटा मोठ्या असायच्या, पण प्रमाण तेच. आम्ही सगळं एक दशांश करायचं ठरवलं, म्हणजे सेंटीमीटरचे मिलीमीटर झाले, ७, १४ आणि २८. हिशोब इतका सोपा की भाच्याला कॅल्क्युलेटर लागला नाही. कुरियरच्या साध्या खोक्याचा पुठ्ठा साधारण तीन-चार मिलीमीटरचा असतो, दोन थर डिंकाने चिकटवले, वर जड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबून ठेवले की जवळपास सातचा होतो. मग त्याच्या २८ मिलीमीटरच्या लांब पट्ट्या कापायच्या आणि पट्टीला दर १४ वर काप. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या कुठल्या दिशेने जातात ते बघून कापा, नळीच्या दिशेने लांब पट्टी कापली तर ती वाकत नाही आणि कडा स्वच्छ येते.

आता हे शेकड्यांनी विटा कापणं मुलांना कंटाळवाणं होईल असं वाटेल, पण झालं उलटंच. विटांचा ढीग झाल्यावर ती दोघं नुसती खेळत बसली, एकावर एक रचत, आणि थोड्या वेळाने लेक म्हणाली, "आई, हे बघ ना, दोन शेजारी ठेवल्या की त्यांची रुंदी एकीच्या लांबीएवढी होते." मी म्हटलं अजून बघ. मग तिने एकावर एक चार ठेवल्या आणि त्यांच्याशेजारी एक वीट टोकावर उभी केली, उंची बरोबर! भाच्याने कोपरा रचून पाहिला, एका थरात लांबी, वरच्या थरात रुंदी, आणि सांध्यावर सांधा येईना, भिंत न चिकटवताच उभी राहिली. हे मी सांगितलेलं नव्हतं. पाठ्यपुस्तकात "विटा प्रमाणबद्ध होत्या" अशी एक ओळ असते आणि ती वाचून डोक्यात काहीच होत नाही, पण हातात वीट आल्यावर कळतं की हे प्रमाण असेल तर कुठल्याही गवंड्याला कुठलीही वीट कुठेही बसवता येते, तोडफोड कमी, भिंत पक्की. आणि मग लगेच पुढचा प्रश्न, की हे माप ठरवलं कोणी? कारण हडप्पा आणि मोहेंजोदडो यांच्यात सहाशेच्या आसपास किलोमीटरचं अंतर, तरी विटेचं प्रमाण तेच, दगडी वजनांची पद्धत तीच. कोणी ठरवलं ते माहीत नाही असं मी सांगितलं तेव्हा भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता, त्याला वाटायचं इतिहासात सगळ्याची उत्तरं मागच्या पानावर असतात.

विटा कापता कापता मी त्यांना हडप्पाच्या विटांचं काय झालं ते सांगितलं. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वे टाकताना रुळांखाली भर घालायला खडी हवी होती, तर कंत्राटदारांनी हडप्पाच्या ढिगाऱ्यातल्या भाजक्या विटा उचलून नेल्या. भारतीय पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम याने लिहून ठेवलंय की सुमारे १०० मैल रुळांना पुरतील एवढ्या विटा तिथून गेल्या. तो तिथे जाऊन आला होता, त्याने तिथला एक शिक्कासुद्धा छापला, पण ते शहर इतकं जुनं आहे हे त्याच्याही लक्षात आलं नाही. पुढे १९२१ मध्ये दयाराम साहनींनी हडप्पाला उत्खनन सुरू केलं, १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जींनी मोहेंजोदडोला, आणि १९२४ मध्ये त्या खात्याचा तेव्हाचा प्रमुख जॉन मार्शल याने जगाला जाहीर केलं की इथे एक अख्खी संस्कृती आहे जी कोणाला माहीतच नव्हती. रेल्वेचा भाग ऐकून लेक खरंच चिडली. एक वीट कापायला किती वेळ लागतो हे आता तिला माहीत होतं, आणि ती तर नुसती पुठ्ठ्याची, मातीची वीट थापायची, वाळवायची, भट्टीत भाजायची. मला ती चिडल्याचं बरं वाटलं.

घराच्या भिंती सगळ्या विटांच्या केल्या नाहीत, तेवढा वेळ कोणाकडेच नव्हता आणि गरजही नाही. खोक्याचे मोठे तुकडे भिंती म्हणून उभे केले, फक्त दर्शनी कोपरा विटांनी रचला, म्हणजे बघणाऱ्याला आत काय आहे ते कळतं. रंग दिला नाही, पुठ्ठ्याचा तपकिरी रंगच छान दिसतो. दार मात्र मुख्य रस्त्याकडे नाही, बोळात काढलं, तिथली बरीचशी घरं तशीच आहेत, आत मधोमध चौक आणि भोवती खोल्या. आमच्या मापात माणूस १६ सेंटीमीटरचा होतो, तो रद्दीच्या कागदाचा वळून केला आणि प्रत्येक गोष्ट त्याच्याशेजारी ठेवून बघायची सवय लागली. गल्ली आम्ही २० सेंटीमीटर रुंद धरली, म्हणजे खरी दोन मीटर. मग मी म्हटलं आता मुख्य रस्ता आखा, तो खरा नऊ-दहा मीटर रुंद होता, तर फरशीवर खडूने जवळजवळ एक मीटर रुंद पट्टा आखावा लागला आणि तो धाकटा त्यावर आडवा झोपून म्हणाला की मी मावतो. एवढा रस्ता साडेचार हजार वर्षांपूर्वी! मुलं बराच वेळ त्या खडूच्या रेघांच्या आतून कागदी बैलगाड्या चालवत होती, दोन गाड्या शेजारून सहज जातात हे त्यांनीच करून बघितलं.

विहीर हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात भारी भाग. मोहेंजोदडोमध्ये मिळून ७०० च्या आसपास विहिरी असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे, घराघरातून, गल्लीगल्लीतून. आमची विहीर आतून दहा सेंटीमीटरची, गोल डब्याभोवती विटा रचायला घेतल्या, रुंदीची बाजू डब्याकडे आणि लांबी बाहेरच्या दिशेला. आतून विटा एकमेकींना चिकटल्या पण बाहेर प्रत्येक दोन विटांमध्ये फट पडली. भाचा म्हणाला फटीत कागदाचा लगदा भरू. तेवढ्याने भागलं असतं, पण मी म्हटलं त्या लोकांनी काय केलं असेल विचार कर, जमिनीखाली आहे, चारी बाजूंनी माती दाबणार. बराच वेळ गेला, मी काही बोलले नाही. मग त्याने एक वीट उचलली, पेन्सिलने तिच्या आतल्या टोकाला दोन्हीकडून तिरप्या रेघा मारल्या आणि म्हणाला इथे बारीक करायची. अगदी हेच तिथे केलेलं आहे, विहिरींसाठी वेगळ्या पाचरीच्या आकाराच्या विटा, आत निमुळत्या, बाहेर रुंद, त्यामुळे बाहेरून माती जितकी रेटते तितक्या त्या एकमेकींत घट्ट बसतात. फोटो दाखवला तेव्हा तो नुसता बघत राहिला.

किती बारीक करायची हे आम्ही दोऱ्याने काढलं. डब्याभोवती दोरा गुंडाळून मोजला तर साडेएकतीस सेंटीमीटर, वीट लावल्यावर बाहेरून गुंडाळला तर ४९. बाहेरची रुंदी १४ मिलीमीटर ठेवायची तर ४९ सेंटीमीटरमध्ये ३५ विटा बसतात, आणि त्याच ३५ विटा आतल्या साडेएकतीसमध्ये बसवायच्या तर प्रत्येकीचं आतलं टोक ९ मिलीमीटर. एक नमुना कापला, त्यावर ठेवून बाकीच्या आखल्या, पहिला थर बंद झाला तेव्हा शेवटची वीट थोडी घासून दाबून बसवावी लागली आणि मग डबा काढून घेतला तरी गोल हलेना. त्या क्षणी जी आरडाओरड झाली ती विचारू नका. मोठ्या मुलांना परीघ, व्यास शिकवायचे असतील तर पुस्तक बाजूला ठेवून आधी ही विहीर करायला द्या असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट फोटोत त्यांना विचित्र वाटली, की तिथल्या विहिरी आज उंच मनोऱ्यासारख्या उभ्या दिसतात. असं का, तर पिढ्यानपिढ्या जुन्या घरांवर नवी घरं होत गेली, जमीन वर येत गेली तसा विहिरीचा कठडाही वर चढवत नेला, आणि उत्खननात आजूबाजूचे थर काढल्यावर विहीर एकटी उभी राहिली. हे दाखवायला आम्ही अंड्यांचे ट्रे भिजवून लगदा केला आणि विहिरीभोवती थरावर थर लावले, एक बाजू कापून उघडी ठेवली. वाळायला वेळ लागतो, पंख्याखाली ठेवा.

मग गटार. घरातून न्हाणीचं पाणी भिंतीतल्या नळीतून बाहेर यायचं, कुठे मोठ्या मडक्यात किंवा शोषखड्ड्यात पडायचं, कुठे थेट गल्लीतल्या गटाराला मिळायचं, आणि ती गटारं विटांनी बांधलेली, वरून झाकलेली. वरच्या मजल्यावरून पाणी उतरवायला भाजक्या मातीच्या नळ्यासुद्धा वापरायचे. आम्ही नळी रद्दीचा कागद पेन्सिलीवर गुंडाळून केली, एक टोक निमुळतं, म्हणजे एकीचं टोक दुसरीत घुसतं. गटार २० मिलीमीटर रुंद ठेवलं आणि याला कारण आहे, २८ मिलीमीटरची वीट आडवी ठेवली की दोन्ही काठांवर थोडी थोडी टेकते आणि झाकण तयार होतं, चिकटवायची गरज नाही. तिथेही गटारावरच्या विटा अशाच सुट्या, साफ करायला उचलता येतील अशा. जिथे गटार रुंद असेल तिथे दोन्ही बाजूंच्या विटा थराथराने पुढे सरकवत वर मिळवायच्या, महास्नानगृहातून निघणारं गटार असंच कमानीसारखं झाकलेलं आहे आणि ते इतकं उंच की माणूस आत उभा राहील.

पुठ्ठा पाण्याने फुगतो, त्यामुळे आतून मेण लावलं. मेणबत्तीचे तुकडे मी गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवले, मुलांनी लांबून बघितलं, आणि जुन्या ब्रशने दोन हात दिले. महास्नानगृहात विटांच्या मागे डांबराचा थर दिला होता पाणी झिरपू नये म्हणून, हे सांगायला तीच वेळ उत्तम. मग उतार. आधी गटार सपाट ठेवून पाणी ओतलं, ते जागच्या जागी साचलं. एका टोकाखाली वही ठेवली, हळूहळू गेलं. पुस्तक ठेवलं, धो धो गेलं आणि खालच्या वळणावर काठावरून बाहेर उडालं. भाचा म्हणाला म्हणजे जास्त उतारही चालत नाही. मग वहीवर वही ठेवत त्यांनी बरोबर उतार शोधला आणि वळणाचा कोपरा गोलसर केला.

त्यानंतर मी पाण्यात मूठभर माती कालवायला सांगितली, कारण खऱ्या गटारात स्वच्छ पाणी जात नाही. दोन-तीन वेळा ओतल्यावर तळाशी गाळ बसला, पाणी तुंबलं. तिथल्या गटारांना अधूनमधून खोलगट हौद असायचे, गाळ त्यात बसायचा आणि पाणी वरून पुढे जायचं, तो आम्ही काडेपेटीच्या आतल्या ड्रॉवरला मेण लावून केला. पुन्हा गढूळ पाणी ओतलं आणि माती खरंच पेटीत साठली, पुढे पाणी बऱ्यापैकी नितळ. पण दोन ओतण्यांत पेटी भरली! आणि तेव्हा शेजारच्या त्या धाकट्याने विचारलं, "मावशी, हे कोण साफ करायचं?" मला वाटतं आमच्या सगळ्या उद्योगातला हा सगळ्यात मोलाचा प्रश्न होता. कोणीतरी ठरल्या वेळी झाकणं उचलत असणार, गाळ काढत असणार, तो कुठेतरी नेऊन टाकत असणार, म्हणजे नुसत्या विटा नाहीत, माणसं होती आणि कामाची काहीतरी व्यवस्था होती. त्यांची नावं, त्यांची घरं, त्यांना काय मिळायचं, काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाही. लेकीने मग कागदी माणसांतला एक गटारापाशी बसवला, हातात काडीचं फावडं. प्रोजेक्टमध्ये राजा हवाच असा आधी आग्रह होता, तो आपोआप मागे पडला. तसाही तिथे नक्की राजवाडा म्हणता येईल असं काही सापडलेलं नाही, आणि ज्याला आपण पुरोहित-राजा म्हणतो त्या मूर्तीला ते नाव आत्ताच्या काळातल्या लोकांनी दिलंय.

शिक्क्यांचं काम हलकंफुलकं झालं. खरे शिक्के बहुतेक स्टिअटाइट नावाच्या मऊ दगडाचे, चौकोनी, दोन-अडीच सेंटीमीटरचे, कोरून मग भाजून टणक केलेले, मागे दोरा ओवायला भोक असलेली गाठ. साबणाच्या वड्या आठवडाभर सुकवल्या की त्या कोरायला अगदी योग्य होतात, ओल्या असतील तर चिकटतात आणि फार कोरड्या झाल्या तर तुकडे पडतात. रिकाम्या पेनाच्या टोकाने रेघा छान उमटतात. लेकीने एकशिंगी प्राणी काढला, तोंड डावीकडे, कारण फोटोतल्या ठशात तसंच होतं, आणि मातीवर दाबल्यावर तिचा प्राणी उजवीकडे बघायला लागला. मग पुढचा शिक्का तिने आधी कागदावर काढून खिडकीच्या काचेवर उलटा धरून गिरवला. शिक्का कोरणाऱ्याला सगळं आरशातल्यासारखं उलट कोरावं लागत होतं हे आता ती कोणालाही सांगते. वरची चिन्हं मात्र हुबेहूब बघून काढायची, मनाने बनवायची नाहीत हा माझा हट्ट होता, कारण ती लिपी अजून कोणालाही सर्वमान्य होईल अशी वाचता आलेली नाही आणि ज्याचा अर्थ आपल्याला माहीत नाही ते तरी आपण नीट उतरवावं.

अजून एक करून बघाच. कापडाच्या चिंधीची पुरचुंडी करा, सुतळीने बांधा, गाठीवर ओल्या मातीचा गोळा दाबा आणि त्यावर शिक्का मारा. वाळल्यावर गोळा हळूच काढून उलटा करून बघा. पुढे प्राणी आणि मागे सुतळीचे पीळ आणि कापडाची वीण, अगदी स्पष्ट. गुजरातमधल्या लोथल या हडप्पा काळातल्या गावाच्या कोठारात असे मातीचे ठसे सापडलेत ज्यांच्या मागे दोरीच्या आणि कापडाच्या खुणा आहेत, म्हणूनच कळलं की शिक्के मालाच्या गाठोड्यांवर मारायचे. कापड राहिलं नाही, दोरी राहिली नाही, खुणा राहिल्या. हे मुलांना सांगून पटत नाही, गोळा उलटा केल्यावर पटतं.

आणि महास्नानगृह? तेही शेवटी झालं, मुलांना हवंच होतं. पण एक दशांश केलं असतं तर खाट अडली असती, कारण खरा हौद साधारण १२ मीटर लांब, ७ रुंद आणि २.४ खोल. भाच्याने बुटांचं खोकं मोजून हिशोब केला, एक चाळिसांश केलं तर ३० बाय साडेसतरा सेंटीमीटर आणि खोली सहा, म्हणजे खोकं किंचित कापलं की बसतं. दोन्ही टोकांना पायऱ्या, आतून मेण, पाणी रात्रभर टिकलं. त्याच्याशेजारी त्याच मापातला माणूस ठेवला, चार सेंटीमीटरचा, आणि चिठ्ठी लावली की हे माप वेगळं आहे, नाहीतर बघणारा गोंधळतो. मापं वेगळी असतील तर ते लिहा, अशा मॉडेलमध्ये हे फार राहून जातं.

आता दोघांच्या डोक्यात दायमाबाद आहे. प्रवरा नदीकाठी, आपल्याच महाराष्ट्रात, १९७४ मध्ये तिथे तांबं-काशाच्या चार जड वस्तू सापडल्या, हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. त्या नक्की कोणत्या काळच्या यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण त्या गावात उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातली वस्ती होती. रथ ४५ सेंटीमीटर लांब आहे आणि त्यात उभा असलेला माणूस १६ सेंटीमीटरचा, म्हणजे आमच्या गल्लीतल्या कागदी माणसाएवढाच! त्यामुळे यावेळी माप लहान करायचं नाही, खऱ्याएवढाच करायचा ठरलंय. चाकांना बाटल्यांची झाकणं लहान पडतायत, पुठ्ठ्याचे गोल एकावर एक चिकटवून करून बघणार आहोत, बैलांच्या आत गुंडाळलेली रद्दी आणि वरून अंड्यांच्या ट्रेचा लगदा. ट्रे साठवायला सुरुवात केलीये.